शेवटच्या शून्याची जागा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज वृद्धाश्रमातली नवी पॅनेलं बसवून झाली. पाठ मोडली, पण मजा आली.

मशीन साधं आहे. प्रत्येक खोलीत पलंगाशी एक बटण आणि न्हाणीघरात एक. कुणी दाबलं की सिस्टरच्या टेबलावर घंटी वाजते, पडद्यावर नाव आणि खोलीचा नंबर येतो. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी आणि माझी पुतणी मिळून हे बनवतो. ती शिकलेली इंजिनीयर. मी रेडिओ दुरुस्त करता करता इथवर आलेला माणूस. जुनी चिप बाजारात मिळेनाशी झाली, म्हणून मी एक स्वस्त, पटकन मिळणारी चिप निवडली आणि पुतणीने तिच्यावर आपला जुनाच प्रोग्राम चढवला. तो प्रोग्राम माझ्या हातचा. सी भाषा मी कुणाकडून शिकलो नाही, चुका करून करून शिकलो. इतकी वर्षं एक तक्रार नाही. उगाच बोंबलत नाही माझं मशीन. वायरमध्ये खरखर झाली की भलभलते नंबर येतात, म्हणून मी एक ओळ टाकून ठेवली आहे: खोली शून्य आली तर गप्प बस. त्या एका ओळीवर मी खूश आहे.

माझी पद्धत ठरलेली. आधी सगळ्या घंट्या कानाने तपासायच्या आणि मग निवांत बसून नावं टाकायची. आधी भिंत, मग रंग. बोळात उभा राहिलो, पुतणी एकेक बटण दाबत गेली. रिलेचा, म्हणजे घंटीला वीज जोडणाऱ्या खटक्याचा ‘टक’ आणि मागून घंटी. सगळ्या ठणठणीत. मग टेबलाशी बसून नावं टाकत होतो, तर बारा नंबरच्या बाई काठी टेकत खांद्यामागे येऊन उभ्या. पोहायला शिकवायच्या त्या.

“काय लिहितोयस रे?”

“आडनाव, बाई. सगळ्यांचं आडनावच टाकतोय.”

“सगळ्यांचं टाक. अख्ख्या गावाला मी पाण्यात ढकललंय, ते अर्ध्या नावाने नाही. पूर्ण नाव टाक.”

“दहाच कळा बसतात. काना, वेलांटी, मात्रा सगळ्या धरून.”

“मग मोज की!”

नाव-आडनावात जागा न सोडता मोजल्या. बरोब्बर दहा. बाई म्हणाल्या, “बघ. आईबापांनी मापातच ठेवलंय.”

दुपारपाळीची सिस्टर हसत होती. “कानवाले, तुम्ही त्यांच्याशी वाद घालू नका. मला अजून रोज श्वास धरायला लावतात.”

मला सगळे कानवाले म्हणतात. रेडिओच्या काळात गिऱ्हाइकाकडे पाठ करून मी सांगायचो, आतलं काय गेलंय ते. माणसांचंही कळतं थोडंफार. फुशारकी नाही, पोटापाण्याने लावलेली सवय.

परतताना पुतणी म्हणाली, “काका, त्या नावं कॉपी करायच्या ओळी तुम्ही नको म्हणालात म्हणून तशाच ठेवल्यात. एकदा बसू या त्यांच्यावर.”

“चालतंय ना? मग चालत्या गाडीला खीळ घालू नकोस.”

गप्प बसली. समजूतदार पोरगी आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मेट्रनबाईंचा फोन. म्हणाल्या, घंट्यांचा आवाज गोड आहे. हिला सांगितलं तर ही म्हणते, “माझ्या आवाजाला कधी म्हणाला नाहीत गोड.” मी म्हटलं, तुझा रिले जुना झालाय. भाजी वाढताना पळी आपटली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बाई पडल्या. बारा नंबरच्या.

दुपारी न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. चहावाली आत गेली तेव्हा त्या फरशीवर होत्या आणि हात बटणावर. रुग्णवाहिकेत घालताना एकच सांगत होत्या: “मी बटण दाबलं. दाबतच राहिले.”

सिस्टर म्हणते, घंटी वाजलीच नाही.

मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतलं. पिशवी उचलून गेलो. खोली रिकामी, गादी गुंडाळलेली. पॅनेलवरून बाईंचं नाव कुणीतरी काढूनही टाकलं होतं, त्यांचा नियम आहे म्हणे, माणूस हलवला की नाव काढायचं. पलंगाचं बटण दाबलं, वाजलं. न्हाणीघरातलं दाबलं, वाजलं. ओल्या हाताने दाबलं, अंगठ्याने, कोपराने दाबलं. दर वेळी टक आणि घंटी.

व्यवस्थापक टेबलाशी उभे. “म्हणजे मशीन ठीक आहे?”

“तुमच्यासमोर वाजतंय.”

सिस्टर दारात होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “मी टेबल सोडलं नव्हतं. वाजली नाही.” हळूच बोलली. शेवटचे दोन शब्द नीट खाली बसले, जड वस्तू जमिनीवर ठेवावी तसे.

व्यवस्थापक म्हणाले, “लेखी द्याल का? चौकशी लागणार. बाई म्हणतात दाबलं, तुम्ही म्हणता वाजतं. मग राहिलं कोण?”

दिलं लिहून. जे पाहिलं ते लिहिलं. त्यात खोटं काही नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सिस्टरला घरी बसवलं. पुढच्या शुक्रवारी, एकवीसला चौकशी. दोष ठरला तर नोकरी तर जाईलच, पण नर्स म्हणून काम करायचा परवानाही जाऊ शकतो.

जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, “ती सिस्टर? अहो, गेल्या वर्षी तिनेच नाही का फोन केला तुम्हाला, एका खोलीची घंटी बारीक वाजते म्हणून? तुम्ही जाऊन बघितलंत तर स्क्रू ढिला निघाला. घरी येऊन म्हणालात, माझ्यासारखा कान असलेली बाई भेटली.”

“माणसाची डुलकी लागते कधीतरी.”

“लागते,” ही म्हणाली. हिचं ‘लागते’ मला आवडलं नाही.

पुतणी आज सबंध दिवस स्क्रीनला चिकटून होती. डबा उघडला नाही. एका मोठ्या कंपनीतून तिला विचारणा आली आहे असं तिची आई म्हणत होती. तेच असणार मनात. जायचं असेल तर अडवणार नाही, पण तिने तोंड उघडावं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज अक्षर वाईट येणार.

सकाळी वर आलो तर माझ्या टेबलावर सुटं पॅनेल ठेवलेलं, वीज चालू. पुतणी काही सामान आणायला बाहेर गेली होती. धूळ पुसायला काढून ठेवलं असावं तिने. पडद्यावर पोहण्याच्या बाईंचं नाव, अख्खं. मीच कधीतरी टाकून बघितलं असेन, आठवत नाही.

सहज बटण दाबलं.

टक नाही. रिले उचललाच नाही. पुन्हा दाबलं. खाली दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं, तेवढाच आवाज. नाव पुसलं आणि दाबलं: टक, घंटी. नाव पुन्हा टाकलं, दहावी कळ दाबली: सगळं गप्प. दहावी कळ पुसली, नऊच ठेवल्या: टक, घंटी.

आणखी दोनदा करून बघितलं. तेच.

मग माझी फाइल उघडली. हे लिहूनच काढतो, म्हणजे डोक्यातून उतरेल. सी भाषेत नाव ही एक सबंध वस्तू नसते. लांबलचक बाकावर खुर्च्या मांडाव्यात तशी मेमरी असते आणि अक्षरं ओळीने तिथे बसतात. नाव कुठे संपलं हे कळायला शेवटी एक शून्य बसवतात. ते पडद्यावर दिसत नाही, पण खुर्ची त्यालाही लागते. आपल्या लिपीतली एकेक खूण तीन खुर्च्या अडवते. दहा खुणांच्या तीस झाल्या. मी मोजून तीसच मांडल्या होत्या. यजमानाने सगळ्या पाहुण्यांची पानं मांडावीत आणि वाढणाऱ्याला उभं राहायला जागा ठेवू नये, तसं. शून्य बसलं शेजारच्या खुर्चीत. शेजारी काय, तर खोलीचा नंबर. बाराचं झालं शून्य. नाव बदललं की प्रोग्राम आधी नंबर नव्याने लिहितो आणि मग नाव, म्हणून नाव पुसलं की बारा परत जागेवर.

आणि खोली शून्य आली तर गप्प बस. ती ओळही माझीच.

बाई दाबत होत्या, मशीन ऐकत होतं आणि माझ्या हुकमाने गप्प बसत होतं.

घंट्या आधी तपासल्या, नावं मागून टाकली. उलट केलं असतं तर त्याच सोमवारी कळलं असतं. आणि मंगळवारी नाव काढलेल्या खोलीत बटणं दाबून मी लिहून दिलं, मशीन उत्तम.

एक मात्र कळत नाही. हाच प्रोग्राम जुन्या चिपवर इतकी वर्षं चालला कसा? दहा खुणांची नावं तेव्हाही असतील. म्हणजे चूक या चिपची म्हणायची. काहीतरी तिच्यातच गोम आहे.

पुतणी आली तेव्हा पॅनेल बंद करून कपाटात ठेवलं होतं. तिने माझ्या टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “काही म्हणालात, काका?”

“नाही.”

सोमवार, १७ फेब्रुवारी

तीसच्या जागी चाळीस खुर्च्या केल्या, त्याच जातीच्या कोऱ्या चिपांत तो प्रोग्राम भरला आणि वृद्धाश्रमात जाऊन बदलून आलो. मेट्रनबाई म्हणाल्या, “आता कशाला? सगळं तर ठीक आहे.”

“देखभाल.”

“असा माणूस मिळत नाही हो हल्ली,” त्या म्हणाल्या आणि चहा मागवला. तो तसाच ठेवला. सिस्टरच्या खुर्चीत एक नवीन मुलगी बसली होती. घंटी वाजली की दचकून उठायची. सिस्टरचा चष्म्याचा डबा अजून खणात होता, चिप बदलताना दिसला.

आता कुणाला धोका नाही, हे तर खरं. स्वतःला तेच समजावत घरी आलो. पण सिस्टरचं काय? चौकशीत तिला समज देऊन सोडतील, असं मेट्रनबाईंच्या बोलण्यावरून वाटतं. म्हणजे मला वाटतं. त्यांनी तसं म्हटलं नाही.

संध्याकाळी पुतणीने विचारलं, “काका, चाळीस का केलेत?”

बघितलं तर होतंच तिने. म्हटलं, “असंच. ऐसपैस बरं.”

“भांडं मोठं केल्याने सांडायचं थांबत नाही. उद्या वाढून सांडेल, एवढंच. ओतणाऱ्याने भांडं बघितलं पाहिजे.”

“तुला काय म्हणायचंय?”

“हेच म्हणायचंय,” ती म्हणाली. दिवा बंद केला, जिना उतरून गेली. रोज “येते काका” म्हणते. आज म्हणाली नाही. त्या कंपनीने होकार कळवला असेल.

बुधवार, १९ फेब्रुवारी

रुग्णालयात बाईंना बघायला गेलो. फळं घेऊन गेलो. मनाला लाज असेल तर हात रिकामे चालत नाहीत.

पाय वजनाला टांगलेला, तोंड मात्र मोकळं. मला बघून म्हणाल्या, “ये कानवाल्या. तुझी घंटी मस्त वाजते म्हणे. मलाच तेवढी ऐकू आली नाही.”

“तुम्हाला कशी येणार, बाई, ती तिकडे टेबलावर वाजते.”

“तेच तर. तिथे ती बसली होती ना.” मग खिडकीकडे तोंड केलं. “पायाचं नाही रे एवढं. हाड आहे, जुळेल नाहीतर नाही जुळणार. पण मी बटण दाबत होते आणि ती पोरगी आली नाही. रोज संध्याकाळी माझे पाय चेपायची, नको म्हटलं तरी. तिला भेटायला येऊ देऊ का, विचारत होते. मी म्हटलं, नको.”

मी सफरचंद पुसत बसलो होतो. तेच एक, पुन्हा पुन्हा.

“तुला माहितीय का,” त्या म्हणाल्या, “बुडणारा माणूस ओरडत नाही. सिनेमात ओरडतो. खऱ्या पाण्यात त्याला श्वासच नसतो ओरडायला, गुपचूप जातो. म्हणून काठावरच्याने नजर हलवायची नाही, हे मी पहिल्या दिवशी शिकवायचे. तिलाही शिकवलं होतं. आणि ती म्हणते, वाजली नाही. निदान चुकले म्हणाली असती!”

शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. बाई, ती चुकली नाही. एवढंच तर म्हणायचं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, “फळं खा. ताजी आहेत.”

जिन्यात मला माझ्या पायांचा आवाज ऐकवेना.

गुरुवार, २० फेब्रुवारी

उद्या चौकशी. आज दुपारी पुतणीने खुर्ची ओढून माझ्यासमोर मांडली.

“काका, जुन्या चिपवर का चाललं, सांगू?”

मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, “कशाबद्दल बोलतेयस?”

ती कागदावर चौकोन काढायला लागली. “जुन्या चिपला नंबर ठेवायचा तर चाराच्या पाढ्यातली जागा लागायची. खुर्च्या शून्यापासून मोजतात, म्हणजे तुमच्या तीस एकोणतीसवर संपतात; पुढची तीस आणि एकतीस चालत नाही, बत्तीस लागते. म्हणून कंपायलर, आपलं सी चिपच्या भाषेत उतरवणारा, मध्ये दोन खुर्च्या रिकाम्या सोडायचा. तुम्ही त्याला सांगितलं नव्हतं, तो आपणहून सोडायचा. तुमचं शून्य इतकी वर्षं तिथे बसत होतं. नव्या चिपला असली अट नाही. तिने नंबर नावाला चिकटून ठेवला. चिपचं काही चुकलेलं नाही, काका. चूक आधीपासून होती, तिला फुकटची जागा मिळत होती.”

इतकी वर्षं मी ज्याला माझा चोख हात समजत होतो, तो दोन रिकाम्या खुर्च्यांचा उपकार होता.

“तुला कधी कळलं?”

“बाई पडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“म्हणजे ते पॅनेल माझ्या टेबलावर…”

“मीच ठेवलं. नाव टाकून.”

“बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते.” तिने पेन खाली ठेवलं. “शुक्रवारी वाट बघितली. सोमवारी तुम्ही चिपा घेऊन गेलात तेव्हा वाटलं, आज सांगून येतील. देखभाल म्हणालात. काका, मला तुमचा राग नाही येत, तुमची भीती वाटायला लागलीय. उद्या मी जाणार आहे तिथे. तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. आणि माझं नावही सांगेन. त्या ओळी मला खटकल्या होत्या, तरी तुम्ही चालत्या गाडीला खीळ म्हणालात आणि मी ठेवल्या.”

“तू त्या कंपनीत जाणार होतीस ना?” मी विचारलं. काय विचारावं ते सुचेना, म्हणून.

“कुठली कंपनी? त्यांना मी कधीच नाही म्हणून कळवलं.”

मग दोघं बसलो. मी म्हटलं, मापाने कापणारी कॉपी वापरू. तिने मान हलवली. “ती माप पाळते, पण भांडं काठोकाठ भरलं तर शेवटचं शून्य टाकतच नाही. अर्ध्या रस्त्यात उतरवणारा टॅक्सीवाला. दुसऱ्या चांगल्या आहेत, पण त्या एका कंपायलरकडे असतात, दुसऱ्याकडे नसतात. चिप बदलली की पुन्हा बोंब. आपण आपलं छोटं फंक्शन लिहू, कुठेही चालेल असं. आधी विचारायचं, भांडं केवढं. मग, येणारं केवढं. शून्याची खुर्ची पहिल्यांदा राखून ठेवायची. बसत नसेल तर एक अक्षरही हलवायचं नाही, आणि बसत नाही म्हणून स्पष्ट सांगायचं.”

“कापून बसवलं तर? निदान सांडणार तरी नाही.”

“कुणाचं नाव कापायचं, ते मशीनने का ठरवावं? सांगावं, माणसाने ठरवावं. गुपचूप कापणंही चूकच आहे, काका. आणि ती खोली शून्यची ओळ…”

“काढ.”

“काढत नाही, बदलते. नंबर वेडावाकडा आला तर गप्प नाही बसायचं, वाजायचं. खोली कळली नाही तरी सिस्टर उठून बघेल.”

अर्ध्या पानाचं काम निघालं. तिने पहिल्या दिवशीच मागितलं होतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सांगितलं.

व्यवस्थापक, मेट्रनबाई, वरून आलेले दोन गृहस्थ आणि टेबलाच्या टोकाला सिस्टर. तिचा नवरा बाहेर बाकावर, गुडघ्यावर टोपी. मी पिशवीतून सुटं पॅनेल काढलं, वृद्धाश्रमातून काढून आणलेली, जुन्या प्रोग्रामची चिप लावली, बाईंचं नाव टाकलं आणि बटण त्या वरिष्ठ गृहस्थांच्या हातात दिलं. म्हटलं, दाबा. त्यांनी दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. त्या खोलीतली शांतता मी जन्मात विसरणार नाही.

मग म्हणालो, सोमवारी मी देखभाल नाही केली, पुरावा पुसला. सिस्टर खरं बोलत होत्या. मी लिहून दिलेलं फाडून टाका.

पुतणी म्हणाली, “माझंही नाव लिहा.” मी तिला थांबवलं नाही. तिचं ते तिचं होतं.

व्यवस्थापकांनी आमचं कंत्राट रद्द केलं. दुसऱ्यांची मशीनं यायला महिना लागेल, तोवर नव्या प्रोग्रामवर हीच राहतील, आणि तोवर येऊन-जाऊन मीच बघायचं. सिस्टर सोमवारपासून कामावर. ती उठली, पदर सारखा केला, बाहेर गेली. बाकावरचा नवरा उभा राहिला आणि टोपी खाली पडली, तेवढं दिसलं.

निघताना मेट्रनबाई म्हणाल्या, “एवढं मोठं मन लागतं हो.” ही पण घरी आल्यावर म्हणाली, “आज जेवाल नीट.” आणि मी खरंच जेवलो. दुसऱ्यांदा भात घेतला. दहा दिवस छातीवर बसलेलं उतरलं. कंत्राट गेलं, जाऊ दे. हलकं वाटतंय. माणसाने बोलून टाकावं.

गुरुवार, ६ मार्च

आज वृद्धाश्रमात फेरी होती. लिहू नये असं वाटत होतं, पण ही वही आहे कशाला?

बाई परत आल्या आहेत, चाकाच्या खुर्चीत. मला बघताच म्हणाल्या, “नाव पूर्ण आहे ना रे? कापलं तर याद राख.”

“पूर्ण आहे. आता तुमच्या माहेरचं घातलंत तरी सांडणार नाही. बसलं नाही तर मशीन तसं सांगेल.”

“शहाणं झालं म्हणायचं. मालकावर नाही गेलं.” मग आवाज खाली आणून, “ती आली होती मला भेटायला. मीच रडले, गाढव. तिला म्हटलं, श्वास धर बघू. धरला तिने. पहिल्यापेक्षा जास्त धरते आता.”

टेबलाशी गेलो. मी मागचं झाकण उघडून स्क्रू काढत होतो. सिस्टर हातात किल्ल्या घेऊन खोल्यांकडे निघाली होती. पाळी सुरू झाली की ती आता प्रत्येक खोलीत जाऊन बटण स्वतः दाबून बघते, पडद्यावर नाव असताना. मेट्रनबाई म्हणाल्या होत्या, गरज नाही. ती म्हणाली, मला आहे. माझ्यावर तिचा विश्वास नाही, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

माझ्याशी ती त्या दिवसानंतर बोलली नव्हती. आज थांबली.

“कानवाले, एक विचारू?”

“विचारा की, सिस्टर.”

“त्या दिवशी दारात उभं राहून मी म्हणाले, वाजली नाही. तेव्हा तुम्हाला ऐकू आलं होतं ना?”

“काय?”

“मी खरं बोलतेय, ते.”

स्क्रू बोटातून निसटला, टेबलाखाली गेला. मी वाकलो, शोधला, सापडल्यावरही जरा वेळ खालीच राहिलो. मशीनमधली चूक मी चार माणसांत सांगितली होती. खुर्च्या सांगितल्या, शून्य सांगितलं, चिपा बदलल्या तेही सांगितलं. हे कुणी विचारलं नव्हतं. पुतणीलाही हे ठाऊक नाही. माझ्या कुठल्याही ओळीत ते लिहिलेलं नव्हतं.

“हो,” मी म्हणालो. “आलं होतं.”

तिने मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. “मला वाटलंच. म्हणून मी तुमच्याकडे बघूनच बोलले होते. म्हटलं, बाकी कुणाला नाही कळलं तरी यांना कळेल.”

किल्ल्या वाजवत ती बोळातून चालत गेली. पहिली घंटी वाजली. मग पुढची. मी झाकण लावत होतो, स्क्रू भोकात बसेना. ती एकेक खोली करत टोकाला पोचली. बाईंचा हसण्याचा आवाज आला, आणि टक, आणि बाराची घंटी, स्वच्छ. पडद्यावर दहाही कळांचं अख्खं नाव.

आतून सिस्टरने हाक दिली, “ऐकू आली का?”

“आली,” मी म्हणालो.